स्वतःचा उंबरठा बांधणारा बर्फ

शाळेत भूगोलाच्या पेपरात सागरतळाची आकृती हमखास यायची. डावीकडे किनारा, मग हळूहळू उतरत जाणारी समुद्रबूड जमीन, पुढे एकदम घसरणारा खंडान्त उतार आणि तळाशी सपाट सागरी मैदान. रेघ कशी काढायची, तर डावीकडून उजवीकडे, सतत खाली. आपल्या किनाऱ्यापुरती ही आकृती बरोबर आहे. मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात आहे, तरी तिथे पाणी साधारण ७५ मीटरच खोल.

हीच आकृती घेऊन अंटार्क्टिकातल्या प्रिड्झ उपसागरात गेलो, तर मात्र ती चुकते. भारताचं 'भारती' हे संशोधन केंद्र याच उपसागराच्या काठी, लार्समन टेकड्यांवर, २०१२ पासून उभं आहे. तिथून पश्चिमेला ॲमरी नावाचा प्रचंड हिममंच आहे, म्हणजे जमिनीवरून वाहत आलेला आणि आता समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर. या हिममंचाच्या कड्यापाशी समुद्र ७०० मीटरच्या आसपास खोल आहे, काही खळग्यांत तर हजार मीटरहून जास्त. तिथून खुल्या समुद्राकडे निघालं की पाणी खोल व्हायच्या ऐवजी उथळ होत जातं. दीड-दोनशे किलोमीटरवर 'फोर लेडीज बँक' नावाचा उथळा लागतो. तिथे खोली २०० मीटरच्या आसपास असते. त्यानंतर मात्र खंडान्त उतार सुरू होतो आणि तळ दिसेनासा होतो.

या उथळ्याच्या नावाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९३७ मध्ये नॉर्वेचे जहाजमालक लार्स क्रिस्टेनसेन यांच्या मोहिमेत चार स्त्रिया होत्या. त्यांच्यावरून हे नाव पडलं. त्यांपैकी इन्ग्रिड क्रिस्टेनसेन यांचं नाव शेजारच्या किनाऱ्यालाही मिळालं. आपलं 'भारती' याच इन्ग्रिड क्रिस्टेनसेन किनाऱ्यावर आहे.

असा उलटा उतार फक्त प्रिड्झमध्ये नाही. अंटार्क्टिकाभोवतीची समुद्रबूड जमीन बहुतेक ठिकाणी अशीच आहे: सरासरी सुमारे ५०० मीटर खोल आणि किनाऱ्याकडे झुकलेली. जगात इतरत्र समुद्रबूड जमिनीची बाहेरची कड साधारण १३० मीटर खोलीवर असते. हा फरक बर्फाने केला आहे. बर्फाने आतल्या बाजूला खड्डा खणला, खणलेलं सगळं ढकलत नेऊन बाहेरच्या कडेला रचलं आणि वाटेत जिथे जिथे थांबला तिथे गाळाचा एकेक उंबरठा बांधला. आज त्या बर्फाचं भवितव्य याच खड्ड्यावर आणि याच उंबरठ्यांवर ठरतं आहे. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी खड्डा

खड्ड्याचं एक कारण अगदी सरळ आहे, ते म्हणजे वजन. पृथ्वीचं कवच खालच्या दाट आणि अतिशय संथपणे सरकणाऱ्या खडकावर टेकलेलं असतं. त्यावर तीन किलोमीटर जाडीचा बर्फ ठेवला की कवच साधारण एक किलोमीटरने खचतं. पण एवढ्याने उलटा उतार पूर्ण समजत नाही. दुसरं कारण म्हणजे प्रत्यक्ष खणकाम.

हिमनदी खडक कशी खणते? नुसता बर्फ खडकाला फारसा ओरखडू शकत नाही, कारण तो खडकापेक्षा मऊ असतो. काम करतात ते बर्फाच्या तळात रुतलेले दगड. बर्फ सरकतो तसे हे दगड खालच्या खडकावर घासत जातात, जात्याच्या वरच्या पाळीसारखे. त्यातून दगडाचं अक्षरशः पीठ पडतं. शिवाय खडकाच्या भेगांत शिरलेलं पाणी पुन्हा गोठतं, भेगा रुंदावतात आणि बर्फ मोठमोठे चिरे उपटून नेतो. म्हणून हिमनदीच्या गाळात पिठापासून घराएवढ्या शिळेपर्यंत सगळं एकत्र कालवलेलं असतं. नदी आणि समुद्राच्या लाटा गाळ पाखडतात, जाड एकीकडे आणि बारीक एकीकडे करतात. बर्फ काहीच पाखडत नाही. समुद्रतळातून काढलेल्या नमुन्यात चिकणमाती, वाळू आणि गोटे असे सरमिसळ दिसले की भूशास्त्रज्ञांचा पहिला संशय बर्फावर जातो. बर्फाखाली दाबून बसलेल्या अशा गाळाला 'टिल' म्हणतात.

आपल्या मातीतही टिल आहे. सुमारे २९-३० कोटी वर्षांपूर्वी भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका हे सगळे गोंडवन नावाच्या एकाच महाखंडात होते आणि त्याचा बराच भाग बर्फाखाली होता. चंद्रपूरजवळ इरई इथे चुनखडकाच्या सपाट पृष्ठावर समांतर ओरखडे आहेत आणि त्यावर दगडगोट्यांचा सरमिसळ थर आहे. एकोणिसाव्या शतकातच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी हे बर्फाचं काम म्हणून नोंदवलं होतं. विदर्भाच्या उन्हात उभं राहून बर्फाच्या खुणा पाहायच्या, ही कल्पना आजही अंगावर काटा आणते.

प्रिड्झशी आपला धागा याहूनही जवळचा आहे. ॲमरी हिममंचाला बर्फ पुरवणारी लॅम्बर्ट हिमनदी एका प्राचीन खचदरीतून वाहते. गोंडवन एकसंध असताना ही खचदरी आणि आपल्या महानदीचं खोरं एकमेकांना जोडलेले असावेत, असं भूशास्त्रज्ञ मानतात. लॅम्बर्टच्या बाजूच्या प्रिन्स चार्ल्स पर्वतरांगांत पर्मियन काळातला, म्हणजे सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचा, कोळसा आहे. चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणींतला कोळसाही पर्मियनच. हिमनदीने ते थर खरवडले आणि समुद्रात नेले. म्हणून प्रिड्झच्या तळाच्या गाळात पर्मियन झाडांचे परागकण मिळतात. आपल्या कोळशाच्या भावंडाचा चुरा तिथे समुद्राच्या तळाशी पसरलेला आहे.

बर्फाखालची चिखलणी

सगळा बर्फ सारख्या वेगाने सरकत नाही. अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर तो वर्षाला काही मीटर सरकतो. पण काही अरुंद पट्ट्यांत, म्हणजे हिमप्रवाहांत, तोच वेग वर्षाला शेकडो मीटर होतो. ॲमरीच्या तरंगत्या टोकाशी तर तो किलोमीटरच्या पुढे जातो. हा फरक कशाने पडतो हे बराच काळ कोडं होतं. बर्फ तोच, उतार जवळपास नाहीच.

१९८६ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकातल्या एका हिमप्रवाहावर कंपनलहरी खाली सोडून त्यांचा प्रतिध्वनी तपासला गेला. एक किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली पाण्याने भिजलेल्या गाळाचा पाच-सहा मीटरचा मऊ थर सापडला. ज्यांनी भाताच्या खाचरात चिखलणी केली आहे त्यांना हे लगेच कळेल. कोरड्या जमिनीवर पाय घट्ट रोवता येतो. चिखलणी झाल्यावर तीच माती पायाखालून सरकते, कारण मातीच्या कणांना एकमेकांवर रेलू न देता मधलं पाणीच भार तोलून धरतं. बर्फाखालीही तेच होतं. पृथ्वीच्या पोटातली उष्णता आणि घर्षणाची उष्णता यांनी तळाचा बर्फ वितळतो. ते पाणी जाड बर्फाखालून सहज निसटू शकत नाही, त्याचा दाब वाढतो आणि टिलचा वरचा थर बर्फाबरोबर घसरू लागतो. म्हणजे बर्फ घसरतो आणि त्याच वेळी आपल्या पायाखालचा गाळही समुद्राकडे वाहून नेतो.

या चिखलावर बर्फाच्या खुणा उमटतात. बर्फ मागे हटल्यावर समुद्रतळावर समांतर, अतिशय लांब सऱ्या आणि वरंबे दिसतात. उंची काही मीटर, लांबी कधी कधी दहा-वीस किलोमीटर. कुणी अवाढव्य फणी फिरवावी तसे. त्यांच्या दिशेवरून बर्फ कुठून कुठे वाहत होता हे थेट सांगता येतं. १९९३ मध्ये ब्रिटिश भूशास्त्रज्ञ क्रिस क्लार्क यांनी उपग्रहाच्या चित्रांत असे पट्टे जमिनीवर पहिल्यांदा ओळखले. आता जहाजाच्या बुडातून पंख्यासारखे ध्वनिझोत सोडणाऱ्या सोनारमुळे ते समुद्रतळावर सर्रास दिसतात.

उंबरठा

समुद्राकडे येणारा बर्फ एका ठिकाणी तळापासून उचलला जातो आणि तरंगायला लागतो. त्या ठिकाणाला शास्त्रज्ञ ग्राउंडिंग लाइन म्हणतात. मी इथे टेकरेषा म्हणतो, कारण बर्फाची जमिनीवरची शेवटची टेक तिथे असते. टेकरेषा म्हणजे हिमनदीचं सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण.

बर्फाने ओढून आणलेला गाळ इथे येऊन थांबतो. पुढे बर्फ तळाला टेकलेलाच नसल्याने तो गाळ पुढे ओढायला कुणी नसतं. वर्षानुवर्षं टेकरेषा एकाच जागी राहिली की तिथे गाळाचा ढीग साठत जातो. त्याचा आकार मात्र डोंगरासारखा होत नाही, कारण पुढच्या बाजूला तरंगत्या बर्फाचं छत डोक्यावर असतं. वर वाढायला जागा नसल्याने गाळ आडवा पसरतो. तयार होते ती एक लांब, बसकी पाचर: उंची काही दहा मीटर, कधी शंभर, रुंदी अनेक किलोमीटर. प्रिड्झच्या तळावर अशा पाचरी सापडल्या आहेत. प्रत्येक पाचर म्हणजे मागे हटताना बर्फ जिथे थांबला तो एक मुक्काम.

ही पाचर नुसती खूण नाही, तिचा बर्फावर उलट परिणाम होतो, आणि मला हा सगळ्यात विलक्षण भाग वाटतो. गाळ साठला की टेकरेषेपाशी समुद्र उथळ होतो. पाणी उथळ झालं की बर्फ तरंगायला त्याची जाडी आणखी कमी व्हावी लागते. म्हणजे थोडं वितळणं किंवा समुद्रपातळीची थोडी वाढ झाली तरी बर्फ लगेच उचलला जात नाही, पाचरीवर टेकून राहतो. पश्चिम अंटार्क्टिकातल्या व्हिलन्स हिमप्रवाहाच्या टेकरेषेखाली अशी पाचर आजही तयार होते आहे, हे २००७ मध्ये रडारने दाखवून दिलं. त्याच वर्षीच्या गणितातून निघालं की समुद्रपातळी काही मीटर चढली तरी अशी पाचर बर्फाला जागेवर धरून ठेवू शकते.

आता यासमोर खड्डा ठेवून बघू. अमेरिकी शास्त्रज्ञ जोहान्स वीर्टमन यांनी १९७४ मध्ये गणिताने मांडलं की टेकरेषेतून समुद्रात किती बर्फ जातो हे तिथल्या बर्फाच्या जाडीवर अवलंबून असतं आणि जाडीबरोबर ते फार झपाट्याने वाढतं. टेकरेषा उंबरठ्यावरून सुटून मागे गेली आणि मागे तळ खोल खोल होत गेला, तर काय होईल? खोल पाण्यात टेकलेला बर्फ जाड असतो. जाड बर्फातून जास्त बर्फ बाहेर जातो. त्यामुळे मागचा बर्फ पातळ होतो, आणखी मागे उचलला जातो, टेकरेषा आणखी खोलात जाते. पुढचा उंबरठा किंवा दरीचा अरुंद गळा लागेपर्यंत हे आपसूक चालू राहतं. ज्या खड्ड्यात बर्फ मागे पडतो तो त्यानेच खणलेला, आणि ज्या उंबरठ्यावर अडतो तोही त्यानेच बांधलेला.

हे कागदावरचं गणित नाही याचा दाखला पश्चिम अंटार्क्टिकातल्याच पाइन आयलंड हिमनदीने दिला. २००९ मध्ये ऑटोसब-३ नावाची मानवरहित पाणबुडी तिच्या तरंगत्या भागाखाली गेली, तेव्हा तळावर एक उंच आडवा कणा दिसला. बर्फ कधीतरी त्यावर टेकलेला होता, हे तळावरच्या ओरखड्यांवरून उघड होतं. प्रश्न होता की सुटला कधी. त्यानंतर बर्फाला भोकं पाडून खालून गाळाचे नमुने काढण्यात आले. त्यांचं विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार कण्यामागे समुद्राचं पाणी १९४५ च्या सुमारास शिरलं आणि १९७० च्या दशकात बर्फ त्यावरून पूर्ण सुटला. आज उपग्रहातून जी घाईची माघार दिसते तिची सुरुवात उपग्रह नव्हते तेव्हाच झालेली होती. हे आपल्याला कुठल्याही यंत्राने नाही, काही सेंटिमीटर चिखलाने सांगितलं.

एका दिवसाचा एक वरंबा

माघार किती वेगाची असू शकते? उपग्रहांच्या नोंदी काही दशकांच्या आहेत, म्हणून याचं उत्तर पुन्हा तळालाच विचारावं लागतं.

२०१९ मध्ये 'रान' ही स्वीडनची स्वयंचलित पाणबुडी पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीसमोर सुमारे ७०० मीटर खोलीवर फिरली. तिने काढलेल्या चित्रांत दीडशेहून अधिक समांतर, ठेंगणे वरंबे दिसले. सगळ्यात उंचही मीटरभर नाही. दोन वरंब्यांत काही मीटर अंतर. ते कसे झाले असावेत? बर्फाची कड भरतीला किंचित उचलली जाते आणि ओहोटीला पुन्हा खाली बसते. खाली बसताना चिखल दाबून त्याचा एक वरंबा उठतो. दुसऱ्या दिवशी बर्फ थोडा मागे गेलेला असतो, तिथे दुसरा वरंबा. म्हणजे एका दिवसाचा एक वरंबा. त्यांच्या उंचीतही भरतीचं पंधरवड्याचं चक्र उमटलं आहे. उधाणाच्या दिवसांचा वरंबा मोठा, भांगाच्या दिवसांचा लहान. कोकणातल्या माणसाला तिथी न पाहता भरतीचा जोर कळतो, तसं इथे समुद्रतळावरच पंचांग लिहिलं गेलं आहे.

दोन वरंब्यांतलं अंतर म्हणजे एका दिवसाची माघार. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार गेल्या दोन शतकांत कधीतरी, सहा महिन्यांहून कमी काळ, थ्वेट्सची टेकरेषा वर्षाला २.१ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने मागे गेली. २०११ ते २०१९ मध्ये उपग्रहांनी तिथे मोजलेल्या सर्वाधिक वेगाच्या हे दुप्पट आहे. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळच्या तळावरचे ७,६०० हून अधिक असेच वरंबे मोजले गेले. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस तिथला बर्फ दिवसाला ५५ ते ६१० मीटर मागे गेला होता. दिवसाला, हे पुन्हा सांगतो. हा वेग सपाट तळावर आणि थोडे दिवसच टिकला, हेही लक्षात ठेवायला हवं. पण असं घडू शकतं की नाही, हा वाद आता उरलेला नाही.

कडेपलीकडे

शेवटचं हिमयुग सुमारे २०,००० वर्षांपूर्वी ऐन भरात होतं. समुद्रपातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून जास्त खाली होती आणि ध्रुवीय भागांत अनेक ठिकाणी बर्फ समुद्रबूड जमिनीच्या अगदी कडेपर्यंत टेकलेला होता. कडेवर पोचलेला हिमप्रवाह आपला गाळ थेट खंडान्त उतारावर लोटतो. तिथे तो ओल्या चिखलाच्या लोटांनी खाली घसरतो. उतार एका अंशाहून कमी असला तरी हे लोट शंभर-दोनशे किलोमीटर जातात. एकावर एक असे शेकडो लोट साठून उतारावर हातपंख्याच्या आकाराचा गाळाचा ढिगारा तयार होतो. नदीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश होतो तसाच, फक्त नदीच्या जागी बर्फ.

नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या द्रोणीच्या, म्हणजे समुद्रतळावरच्या लांबट खळग्याच्या, तोंडाशी असा एक पंखा आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २,१५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांशाहून मोठं. काही ठिकाणी जाडी तीन किलोमीटरच्या पुढे. हा सगळा गाळ बॅरेंट्स समुद्राचा तळ खरवडून आलेला आहे.

प्रिड्झचा पंखा याहून लहान आहे, पण त्याच्या पोटात काय आहे ते जास्त बोलकं आहे. २००० सालच्या सुरुवातीला जॉइडेस रेझोल्यूशन या वेधन जहाजाने प्रिड्झमध्ये तीन ठिकाणी भोकं पाडली. किनाऱ्याच्या बाजूच्या भोकात बर्फ येण्याआधीच्या काळातल्या वनस्पतींचे अवशेष लागले, तिथे एकेकाळी झाडझाडोरा होता. सगळ्यात बाहेरच्या, खोल समुद्रातल्या भोकातून जवळपास १,००० मीटर खोलवरचा गाळ निघाला, त्याचा तळ सुमारे २.२ कोटी वर्षांपूर्वीचा. आणि मधलं भोक होतं पंख्यावर, जिथून सुमारे ४५० मीटर गाळ वर आला. तो बहुतांशी चिखललोटांचाच होता. पण वयं काढल्यावर दिसलं की पंख्याचा बराचसा भाग आठ-दहा लाख वर्षांपूर्वीच रचून झाला होता. त्यानंतर मोठमोठी हिमयुगं येऊनही बर्फ कडेपर्यंत क्वचितच पोचला. शेवटच्या हिमयुगातही नाही.

थंडी वाढली आणि बर्फ मात्र आखूड पडला, हे कसं? एक पटणारी मांडणी अशी आहे: तोपर्यंत लॅम्बर्टने आपला खड्डा इतका खोल खणला होता की तो ओलांडून कडेपर्यंत टेकत जाण्याइतका जाड बर्फ उरेना. मधेच तो तरंगू लागे. खणकाम करणाऱ्याची वाट त्याच्याच खड्ड्याने अडवली.

उतारावर इतका गाळ इतक्या लवकर रचला की तो कायम जागेवर राहीलच असं नाही. नॉर्वेच्या मध्य किनाऱ्यासमोर, सुमारे ८,१५० वर्षांपूर्वी, स्टोरेगा नावाची अवाढव्य दरड समुद्राखाली कोसळली. हिमयुगाआधीच्या उबदार काळात तिथे मऊ चिकणमातीचे थर बसले होते. त्यावर हिमयुगात बर्फाने भराभर जड गाळ टाकला. खालच्या मातीतलं पाणी निघून जायला वेळच मिळाला नाही, ते दाबाखाली अडकून राहिलं. पुढे बर्फ गेला, दबलेली जमीन वर येऊ लागली आणि त्या ताणातून भूकंप झाले. अशाच एका धक्क्याने सगळं सुटलं असावं. कोसळलेला गाळ हजार घनकिलोमीटरपेक्षा कितीतरी जास्त होता. कोयना धरण काठोकाठ, १०५ टीएमसी भरलं की ते पाणी सुमारे ३ घनकिलोमीटर होतं, यावरून अंदाज यावा. त्या दरडीने उठलेल्या त्सुनामीची वाळू स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलँड बेटांवर २० मीटरहून जास्त उंचीवर सापडते. दरडीच्या खाचेतच आज ऑर्मेन लांगे हे नॉर्वेचं मोठं वायुक्षेत्र आहे. तिथून २००७ मध्ये वायू काढायला सुरुवात झाली. त्याआधी अनेक वर्षं याच गाळाचा कसून अभ्यास झाला, कारण तो पुन्हा घसरणार नाही याची खात्री हवी होती.

बर्फ गेल्यावर

बर्फ मागे गेला तरी तळाला लगेच स्वस्थता मिळत नाही. सुटलेले हिमनग वाऱ्या-प्रवाहांबरोबर भटकतात आणि उथळ्यावर त्यांचं बूड टेकलं की तळ नांगरत जातात. नांगराच्या तासासारख्या वेड्यावाकड्या रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. फोर लेडीज बँकेसारखे उथळे अशा रेघांनी भरलेले आहेत. तिथे जुने थर उलटेपालटे झालेले असतात, म्हणून गाळाचे नमुने घ्यायला संशोधक खोल, शांत खळगेच निवडतात. सप्टेंबर २०१९ मध्ये ॲमरीचा सुमारे १,६०० चौरस किलोमीटरचा एक तुकडा सुटला. ठाणे, मुंबई आणि नवी मुंबई यांची एकत्र बेरीज केली तरी त्याहून मोठा. हिमनग आपल्या पोटातले दगडही वितळता वितळता खोल समुद्रात टाकत जातात. बारीक चिखलाच्या थरात एकटाच पडलेला गोटा दिसला की समजावं, हा वरून पडला आहे.

मग सूर्यप्रकाश पाण्यात पोचतो आणि डायटम वाढू लागतात. सिलिकेचं कवच असलेली ही सूक्ष्म शैवालं मेल्यावर तळाशी हिरवट, मऊसूत थर होतो. म्हणून प्रिड्झच्या खळग्यातून काढलेली गाळाची नळी खालून वर वाचायची: तळाला दाबून घट्ट झालेला राखाडी टिल, मग खडेमिश्रित चिखल, म्हणजे टेकरेषा जवळून गेली तो काळ, मग तरंगत्या बर्फाच्या छताखालचा बारीक गाळ, आणि वर डायटमचा हिरवा थर, म्हणजे खुला समुद्र. या बदलाचं वय कार्बनवरून काढतात. पण अंटार्क्टिकाच्या समुद्राचं पाणी खोलातून वर येतं आणि त्यातला कार्बन आधीच म्हातारा असतो. त्यामुळे आज मेलेला शिंपलाही हजार वर्षांहून जुना असल्यासारखा दिसतो. तेवढी वजाबाकी करावी लागते आणि ती अचूक करणं हेच या कामातलं सगळ्यात किचकट दुखणं आहे.

बर्फाच्या तोंडाशी गाळ कसा साठतो हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर उत्तर ध्रुवाकडे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या काँग्सफियोर्डमध्ये जायला हवं. फियोर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली अरुंद, खोल खाडी. आपलं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून त्याच फियोर्डच्या काठी, न्यू-ओलेसुंड गावात आहे. तिथल्या संशोधनाची सूत्रं गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून हलतात. उन्हाळ्यात क्रोनेब्रीन हिमनदीच्या तळातून वितळपाणी उसळून वर येतं आणि फियोर्डचं पाणी विटकरी होतं, कारण वरच्या खोऱ्यात लाल वालुकाश्म आहे. हिमनदीच्या तोंडाशी तळावर वर्षाला काही सेंटिमीटर गाळ बसतो. काही किलोमीटर पुढे तोच थर मिलिमीटरांत मोजावा लागतो. उबदार अलास्कातल्या फियोर्डांत, जिथे वितळपाणी फार असतं, हा आकडा वर्षाला मीटरमध्ये जातो. अंटार्क्टिकात वितळपाणी कमी, म्हणून तिथे बर्फाने ओढून आणलेला टिल जास्त आणि पाण्याने आणलेला गाळ कमी. दोन ध्रुवांच्या समुद्रतळांत फरक पडतो तो मुख्यतः यामुळे.

'रान' जानेवारी २०२४ मध्ये थ्वेट्सजवळच्या डॉटसन हिममंचाखाली गेली आणि परत आली नाही. आणि प्रिड्झमध्ये, ॲमरीच्या तरंगत्या बर्फाच्या मागच्या टोकाला, समुद्रापासून सुमारे ५०० किलोमीटर आत लॅम्बर्टची आजची टेकरेषा आहे. तिथे बर्फ जवळपास अडीच किलोमीटर जाड आहे, जगातल्या सगळ्यात खोल टेकरेषांपैकी ती एक. दरीच्या भिंती दोन्ही बाजूंनी तिला धरून आहेत. लॅम्बर्टने ओढून आणलेला गाळ आत्ता तिथेच, अंधारात, साचतो आहे.